आईंचं पांढरं लुगडं

६ ऑक्टोबर २०२४
फ्रेम आली एकदाची! आईंचं लुगडं आता काचेत. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेताना सासूबाईंनी हेच नेसलं होतं. इतकी वर्षं ट्रंकेत — डांबरगोळ्या बदलायचं काम माझं. दुपारी त्या भिंतीवर ऊन येतं, म्हणून खिडकीला जाड पडदा शिवला. अनिरुद्ध म्हणाला, "आपल्या लग्नाच्या फोटोसाठी कधी पडदा शिवला नाहीस." खरंय. तो फोटो पिवळा पडला तरी चालेल.

७ ऑक्टोबर
आई फ्रेमसमोर बराच वेळ उभ्या होत्या. हल्ली माणसं विसरतात, लुगडं मात्र ओळखलं. म्हणाल्या, "मैनाचं हाय. दिऊन ये."
मैना कोण?

१० ऑक्टोबर
पुन्हा तेच. जेवायलाही भिंतीकडे पाठ करून बसतात. आज जवळ बसून विचारलं, तेव्हा तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. खडकीच्या चाळीत मैना शेजारीण. दोघींनी मिळून दीक्षेला जायचं ठरलेलं, तिथं पांढरंच नेसायचं. आईंकडे पांढरं लुगडं नव्हतं, मैनाकडे एकच. "तुझं नवं लगीन, तू जा म्हणली." परत आल्यावर तिनं मागितलं नाही. "म्या बी दिलं न्हाई. देऊ वाटंना." पुढे मैनाचं बिऱ्हाड चाळीतून हललं, ते गेलंच.
अनिरुद्ध म्हणतो, वयाचा भ्रम आहे. भ्रमात माणूस स्वतःची चूक इतकी सरळ सांगत नाही.

१४ ऑक्टोबर
दीक्षेचा दिवस, म्हणून लोक लुगडं बघायला आले. विहारातले नागोराव नातवंडांना घेऊन. कोणी हात जोडले, कोणी सेल्फी काढले. आई आतल्या खोलीतून बाहेर आल्याच नाहीत. मी चहा देत राहिले आणि गप्प बसले. लाज वाटली.

१९ ऑक्टोबर
आईंनी अंथरूण धरलंय. अन्न सोडलं. डॉक्टरांनी मान हलवली. तोंडात एकच — "दिलं का?"
अनिरुद्धला म्हटलं, फ्रेम उतरवू. भडकला. "सगळ्यांना अभिमानानं दाखवलं, आता उसनं होतं म्हणून सांगायचं?" बोलला आणि रडला. मग स्टूलही त्यानंच आणलं.

२० ऑक्टोबर
फ्रेम कपाटामागे ठेवली. आईंना म्हटलं, "दिलं हो परत." त्यांनी दारातून दिसणाऱ्या मोकळ्या भिंतीकडे पाहिलं. "काय म्हणली?" माझ्या तोंडून निघून गेलं — "चहा घेऊन जा म्हणाल्या." आई हसल्या. वाटीभर दूध घेतलं.
मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले. वाईट वाटतंय, आणि पुन्हा बोलेनही.

२३ ऑक्टोबर
आई गेल्या.

१७ नोव्हेंबर
घर खायला उठतं. अजूनही सकाळी दोघींचा चहा टाकते. अनिरुद्धला वाटतं, आईंचा फोटो लावावा आणि शेजारी लुगडं. मी नाही म्हटलं. कारण सांगायला गेले आणि रडूच आलं. त्यानं पुन्हा विषय काढला नाही.
नागोरावांना खरं काय ते सांगितलं. चौकशी करतो म्हणाले. खडकीची जुनी माणसं त्यांच्या ओळखीची.

२४ नोव्हेंबर
हडपसरला जाऊन आले. मैनाबाई कधीच्याच वारल्या. त्यांच्या मुलीच्या हातात लुगडं ठेवलं, सगळं सांगितलं. ती घडीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आई तर आम्हाला सांगायची, त्या दिवशी ताप भरला, म्हणून जायचं राहिलं."