बाबांचं खातं

शनिवार, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे बाबा आणि मी. कारखान्याबद्दल तसं म्हणता येणार नाही. कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बहिणीने पेन घेऊन पत्र लिहावं, याचं तुला हसू येईल. पण मेल मीच बंद ठेवलाय, आणि फोनवर तू माझं एक वाक्य पुरतं होऊ देत नाहीस. पुठ्ठ्याची खोकी घेऊन तुझ्या ऑफिसकडे निघालेल्या ड्रायव्हरकडे हे पत्र देतेय.

आधी कामाचं. फायली सोडवायचे पैसे मागणाऱ्या त्या चोरांना काही द्यावं लागणार नाही. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये शिरून कुलूप घातलेल्या फायलींच्या प्रती माझ्याकडे वेगळ्या डिस्कवर होत्या. तरी दोन दिवसांचं काम गेलंच, कारण कुणीतरी डिस्कची पिन काढून तिथे पंखा लावला होता. 'हात लावू नये' अशी पाटी होती. त्या पाटीला टॉवेल वाळत घातलेला सापडला. अशा लोकांत मी सुरक्षा राखते!

आता तुझा निरोप. 'चोरांना ज्याने दार उघडलं त्याचं नाव कळव, आजच घरी पाठवतो.' नाव कळायच्या आतच तू डिस्पॅचच्या बाईंना घरी बसवलंस. का, तर पहिला कॉम्प्युटर त्यांचा बंद पडला! चोर सोडून संन्याशाला सुळी. अरे, त्यांनी उघडलेला मेल बाबांच्या खात्यावरून आला होता. 'नवे दर जोडले आहेत, पाहून कळवा.' इतक्या दिवसांनी मोठ्या साहेबांनी काहीतरी विचारलं म्हणून त्या डबा तसाच टाकून उठल्या. तो मेल तूही उघडलास, मला इथून दिसतं. फक्त तुझा नंबर चौथा लागला.

बाबा कामावर येईनासे झाले तेव्हाच मी म्हटलं होतं, त्यांचं खातं बंद करू. तू म्हणालास, "त्यांच्या मनाला लागेल, राहू दे." बरं, मग मोबाइलवर येणारा कोड तरी लावू, म्हटलं. "म्हाताऱ्या माणसाला कटकट नको." पालथ्या घड्यावर पाणी. आणि आता मलाच विचारतोस, दार उघडं कसं राहिलं?

दार कुणी उघडलं ते मला कालपासून ठाऊक आहे. ते सांगवेना, म्हणून तर पंखा आणि टॉवेल लिहीत बसले.

काल बाबांनी चहा घेता घेता विचारलं, "त्या मुलाचा परत फोन नाही आला गं?"

"कुठला मुलगा?"

"आपल्या कंपनीतला, कॉम्प्युटरवाला. फार गुणी. कारखाना कसा उभा केलात, विचारत होता. पहिलं यंत्र कसं आणलं, सगळं ऐकून घेतलं बघ त्याने. शेवटी बिचाऱ्याचं काहीतरी अडलं होतं, तर दिला मी पासवर्ड."

कंपनीची कॉम्प्युटरवाली त्यांच्यासमोरच बसली होती, दादा. राग आला, भयंकर आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. पहिल्या यंत्राची गोष्ट सुरू झाली की मी कपबशा उचलून आत जाते. तू तर चहालाही येत नाहीस.

त्यांना मी खरं ते सांगितलं, बाईंचंही. मग म्हणाले, "त्या बाईंना सोमवारी बोलाव. माफी मी मागतो, तुझ्या दादाने नको." आज त्यांच्यासमोरच खातं बंद केलं. चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे आता कंपनीत माझं नाव कुठेच नाही." याचं उत्तर तूच दे त्यांना.

तर हे तुला हवं असलेलं नाव. घरी पाठवायची तसदी घेऊ नकोस. ते घरीच असतात, दिवसभर, एकटे.

बाईंना कामावर परत घेतल्याचं तू स्वतः कळव. आणि बाबांना फोन कर. त्यांचा नंबर चोराला सापडला, तुलाही सापडेल.

तुझीच,
धाकटी