पंचमीची रिकामी गाडी

सोलापूर,
दि. ३० जुलै २०२५

चि. सौ. पूनम हिस,
बिरूदादाचे अनेक आशीर्वाद.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हा कागद. शाळा सुटल्यापासून एवढं हातानं लिहायची वेळ आली नव्हती, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. मास्तरीणबाईंना ती खोड असते.

इकडे सर्व क्षेम. आईची तब्येत उत्तम. तुझी विचारत नाही, कारण ती परवा सगळ्या करकंबानं पाहिली. पंचमीला तुला माहेरी आणायला मी नवी कोरी गाडी पाठवली. सोमलिंग, माझा ड्रायव्हर, अक्कलकोटकडचा सरळ माणूस, सकाळी न खाता निघाला. तू त्याला चहा पाजलास आणि ओट्यावर उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलंस की मुराळी भाडोत्री चालत नाही, तुझ्या मालकाला सांग. सोबतची साडी आणि पाकीट मागच्या सीटवर फेकलंस. तो बिचारा आल्यापासून मला विचारतोय, मालक, माझं काय चुकलं.

मुराळी म्हणून भावानं जायचं असतं, मला कळतं. त्या दिवशी प्लॉटच्या रजिस्ट्रीसाठी पुण्याहून लोक आले होते. त्यांना काय सांगू, बहिणीला आणायला चाललो?

वर मोडनिंबच्या मावशीला तू काय सांगितलंस तेही कानावर आलं. रान रस्त्यात गेलं, मोबदला आला आणि बिरूचं घर सुखाला मुकलं म्हणे. आईला बंगल्यात कोंडलंय म्हणे. पूनम, मी सुखी आहे. झोप लागते, जेवण जातं. मेंढरांमागं फिरताना, भिजल्या घोंगड्यात रात्र काढताना मी सुखी नव्हतो. ‘पैशात सुख नाही’ हे फळ्यावर लिहायला ठीक आहे. माझ्या नावानं सांगत फिरू नकोस.

शेवटी लोभ असावा असं लिहितात. तुझ्याकडे शिल्लक असेल तर असावा.

तुझा दादा,
बिरुदेव


करकंब,
दि. ४ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
पूनमचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलं नाही, भाषा मात्र चांगलीच चढली आहे.

सोमलिंगला सांग, त्याचं काही चुकलं नाही. त्याला चहाच नाही, शेंगाचटणी, दही आणि भाकरीही दिली. हे तो सांगायला विसरला की तू लिहायला? तो माणूस माझ्यासमोर मान वर करत नव्हता. मला न्यायला आलेल्या परक्या माणसाला लाज वाटते, तुला वाटत नाही.

त्या दिवशीचं ऐक. समोरच्या शोभाचा भाऊ खटारा मोटारसायकल घेऊन आला. वाटेत पंक्चर झालेली, घामानं निथळत होता. ती त्याच्या मागं बसून अशी गेली की हत्तीवरून चाललीय. मी शाळेत रजा टाकली होती, बॅग भरून दारात ठेवली होती. हॉर्न ऐकून केस सारखे करत धावले, तर दार उघडून भलताच माणूस उतरला. बायका विचारायला लागल्या, भाऊ कुठाय गं? मी काय सांगू, रजिस्ट्रीत आहे?

पाकिटाचं म्हणशील तर ते मी फेकलं. ह्यांचं मत वेगळं होतं. ह्यांचं म्हणणं, गाडी परत पाठव, पाकीट राहू दे. पावसाळ्यात पंपदुरुस्तीच्या दुकानात माशा मारत बसतात, त्यांना तसं वाटणारच. मीही काही साध्वी नाही. पैसा मलाही हवा आहे, घराचं छप्पर बदलायचंय. पण रानाच्या मोबदल्यातला माझा वाटा मी सही करून सोडला, तो माहेर राहावं म्हणून. आता माहेरच पाकिटात घालून पाठवणार असशील तर मला नको.

सुखी आहेस म्हणतोस. सुखी माणूस एवढा तणतणत नाही. आणि आईचं म्हणशील तर फोनवर ती ‘बरी हाय’ एवढंच म्हणते, मागून राजनंदिनीवहिनीचा आवाज येत असतो. मावशीला सांगितलं त्यातला एक शब्दही मी मागं घेत नाही.

राखी पाठवत नाही. हवीच असेल तर ड्रायव्हर पाठव, त्याला बांधते.

लोभ वाढवण्याची विनंती करत नाही. होता तो कुठे ठेवलास तेवढं कळव.

तुझी बहीण,
पूनम


सोलापूर,
दि. १२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. पूनम हिस,
आशीर्वाद, रिवाजापुरते.

राखीला हात मोकळा राहिला. आईनं सकाळी पाहिलं आणि जेवायला बसली नाही. हे तुझं कर्तृत्व.

मी का आलो नाही ते आता खरं ऐक. रजिस्ट्री पुढं ढकलता आली असती. मला यायचंच नव्हतं.

मागल्या पंचमीला मी स्वतः आलो होतो. तू काय केलंस? बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकलीस. शेजारून कपबशी मागून आणलीस, विकतचं श्रीखंड आणलंस. तू उभ्यानं वाढत होतीस आणि महिपतदाजी मला ‘घ्या ना साहेब’ म्हणत होते. दाजी, मला, साहेब! पूर्वी मी यायचो तेव्हा चुलीपुढं बसायचो. तू भाकऱ्या थापत मेंढरांची, भावकीतल्या भांडणांची खबर विचारायचीस आणि करपलेली भाकरी बिनदिक्कत माझ्या ताटात टाकायचीस. त्या दिवशी करपलेलं काहीच नव्हतं. हात धुतल्यावर तू छपराचा विषय काढलास. मी दिले असते गं. पण मागताना तू माझ्याकडे न बघता खाली बघत होतीस. परत येताना मोडनिंबच्या अलीकडे गाडी कडेला लावून मी बराच वेळ बसून राहिलो.

माझ्या घरात मी सुखी आहे, साइटवर उन्हात उभा असतो तिथंही सुखी आहे. तुझ्या ओट्यावर पाय ठेवला की मी पैसेवाला होतो, भाऊ राहत नाही. म्हणून गाडी पाठवली, पाकीट पाठवलं. तुम्हाला जे दिसतं तेच पाठवलं.

पैशानं मी बिघडलो म्हणून दवंडी पिटतेस. पैसा माझ्या खिशात आला, नजर तुझी बदलली.

लोभाचा हिशेब तुझा तू कर.

बिरुदेव


सोलापूर,
दि. २८ सप्टेंबर २०२५

चि. पूनमला आईचा लाख लाख आशीर्वाद.

(ताई, मी राजनंदिनी. सासूबाई सांगतात आणि मी उतरवते. त्यांचा एक शब्द गाळायचा नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली आहे.)

पूने, तुजा कागद न्हाय. बिरूबी लिवत न्हाय. फोनवर बरी हाय म्हनतीस आन ठिवतीस. तुजी मावशी येऊन माज्यापुडं रडली. म्हनली, अक्का, तुला कोंडलंय म्हनं. मला कोन कोंडनार गं? मी हितं लई सुकात हाय. नळाला ऊन पानी येतंय. निजायला मऊ गादी हाय. गुडग्याचं आपरेशन झालं, चालतीया. जलमभर मेंढरामागं खडं तुडिवलं, पालात तुमाला वाडिवलं. तवा लई सुक व्हतं म्हननाऱ्याला म्हनावं, ये, चाल माज्यासंगं. पैशानं सुक येत न्हाय म्हनत्यात. माज्या गुडग्याला इचारा म्हनावं.

तुला वाटतंय, आई दुक्कात आसावी. म्हंजी तुजं खरं. आई सुकात हाय आयकून लेकीला बरं वाटाय नगं व्हय?

पर बिरूबी शाना न्हाय. मुराळी म्हून डायवर धाडतोय! त्येचा बा बहिनीला आनाय मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून चालत येळापूरला जायाचा. मी त्येला आसं बोलले तर ताटावरनं उटून गेला. त्येला बोलावं तर उटून जातोय, तुला बोलावं तर फोन ठिवतीस. आता मीच बगते काय करायचं ती. संबाळून ऱ्हा.

ताई, इथून पुढचं माझं. फोनवर मागून माझा आवाज येतो, कारण सासूबाईंना ऐकू कमी येतं आणि फोन मी धरते. त्यांना ऑपरेशननंतर न्हाऊ-माखू कुणी घातलं, तेही एकदा मावशींना सांगा. तुम्हाला माहेर हवं आहे, पण त्यात मी नको आहे. यायचं तर या, नसेल तर नका येऊ. गावोगाव माझी सालं काढणं मात्र थांबवा.

थोरल्यांनी धाकट्यांवर लोभ करावा म्हणतात. नात्यानं थोरली कोण ते तुम्हीच ठरवा.

राजनंदिनी


करकंब,
दि. १३ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
पूनमचा शि. सा. न. वि. वि.

आई इथे पोचल्याचं वहिनीला फोनवर कळवलंच आहे. कशी आली ते फोनवर सांगता आलं नाही. कुणाला न विचारता सोलापूर स्टँडवर गेली, पंढरपूरला एसटी बदलली आणि संध्याकाळी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. ओट्यावरूनच तिनं गल्लीला सांगितलं, पोरीला न्याला आलीया, मुराळी मीच हाय. बायका हसल्या. आई कधी कुणाची मुराळी झालीय का? मी तिच्या गळ्यात पडून रडले, आणि बायका हसायच्या थांबल्या.

तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. खुर्ची मी टाकली, खरं आहे. पण तू पांढरी पँट घालून आला होतास आणि बसायच्या आधी आमच्या जमिनीकडे बघितलंस. खुर्ची त्यानंतर आली. आधी कोण बदललं यावर आपण मरेपर्यंत भांडू शकतो, आणि हरायचा माझा विचार नाही.

आई तुझ्याकडे सुखात आहे, हेही खरं. दुसऱ्याच दिवशी तिनं गादीची आठवण काढली, आमच्या संडासाला नावं ठेवली. मला राग आला. तिचा नाही, तुझा. मला आई दुःखी हवी होती, दादा. मेंढरं गेली, रान गेलं, म्हणून ती झुरत असावी आणि मी एकटीनं ते ओळखावं असं वाटत होतं. तिचा गुडघा तू बरा केलास. माझ्या पगारात तो झाला नसता. ही गोष्ट मी तुला माफ करू शकत नाही, आणि त्याच गोष्टीसाठी तुझे पायही धरायला हवेत. वहिनीचे आधी. तिला वेगळं लिहीन, पण लगेच नाही. मला थोडं गिळू दे.

आता मुद्द्याचं. एसटीच्या धक्क्यांनी आईचा तोच गुडघा सुजला आहे. डॉक्टर म्हणाले, आता बसनं न्यायचं नाही. मला न्यायला आलेली मुराळी स्वतःच अडकून पडली आहे, आणि तुझी ती गाडी मलाच मागावी लागते आहे. हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवला. दिवाळीला आम्हा दोघींना ने.

पण आईनं अट घातली आहे आणि ती मोडायची माझी ताकद नाही. ओट्यावर सुजलेला पाय लांब करून ती दिवसभर बसलेली असते. रस्त्यावर हॉर्न वाजला की मान उंचावते आणि गाडी कुठली ते न विचारता मला विचारते, चालवतंय कोन गं?

लोभाचं काय ते समोरासमोर बोलू.

तुझी,
पूनम