चुकीच्या दारात ठेवलेली बॅग

ता. ४ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,
अ. उ. आ. रागात दिलेला आशीर्वादही लागू पडतो असं धरून चालते.

फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही ओरडता, मी ठेवून देते आणि भांडण अर्धवट राहतं. हे भांडण मला पुरं करायचं आहे, म्हणून पत्र.

काल सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर पायरीवर रिकामी बॅग. मुठीला चिठ्ठी बांधलेली : भरा आणि चालते व्हा. फुटबॉल संघाचा मॅनेजर नकोसा झाला की त्याच्या दारात रिकामी बॅग नेऊन ठेवायची, ही तुम्हा समर्थक मंडळाची जुनी रीत मला नवी नाही. पण या घरातला मॅनेजर जाऊन आता वर्ष होत आलं. तो तुमचा सख्खा भाऊ होता, तेव्हा विसरला नसालच. नवा मॅनेजर न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहतो. तुमच्या माणसांचे पाय मात्र सवयीने क्लबच्या घराकडे वळले आणि नवरा गेलेल्या बाईला घर सोडायचा हुकूम देऊन आले. बॅगेला चाकंसुद्धा होती. तेवढी माझी सोय पाहिलीत.

मंडळाचे अध्यक्ष तुम्ही, म्हणून तुम्हालाच विचारते. हे कुणाचं डोकं?

मी त्या नव्याची वकील नाही. रुजू झाला तेव्हा भेटायला आला होता. खुर्चीच्या टोकावर बसला, म्हणाला, घराची अजिबात घाई करू नका, शाळा संपल्यावर उन्हाळ्यात बायकामुलं येतील तेव्हा बघू. इथवर बरं होतं. मग टेबलावरचे माझे कप सरकवून त्याने मला बचावाची फळी मध्यरेषेपर्यंत पुढे कशी न्यायची ते समजावलं. जाताना एकही कप जागेवर ठेवला नाही. मी तेव्हाच ओळखलं की पंचाईत होणार. आता घरामागच्या स्टँडमधून गोल खाल्ल्याचा आवाज स्वयंपाकघरात इतक्यांदा येतो की मी शेगडीपासून मान वर करायचीही सोडली आहे.

पण म्हणून बॅग माझ्या दारात? आधी उत्तर द्या, मग लोभ आहेच.

तुमची
वहिनी


ता. ९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार वाकूनच करतो आहे, पाठीत एक धपाटा घालायचा तर घाला.

बॅगेचं कळलं तेव्हा शरमेने मान खाली गेली. ती आमच्या बसड्रायव्हरची कामगिरी. त्याला विचारलं, तर म्हणाला, मॅनेजरचं घर म्हणजे तेच, आयुष्यभर तेच पाहिलंय. अक्कल गहाण टाकलेला माणूस आहे, पण मनाने वाईट नाही. माफी मागायला येतो म्हणत होता, मी थांबवलं. तुम्ही त्याला बॅगेत घालून परत पाठवला असतात.

आता कामाचं. वहिनी, आपण खालच्या गटात घसरायला आलो आहोत. हा शहाणा हातात फळा घेऊन फिरतो, पोरं त्याला 'फळा'च म्हणतात. आपले दोन्ही बॅक म्हातारे बैल. ते मध्यरेषेवर उभे राहणार, चेंडू त्यांच्या डोक्यावरून जाणार आणि हे मागे वळेपर्यंत समोरचा गोल करून नाचणार. परवा गोलकीपर रडला हो! एवढा मोठा बाप्या, हातमोजे तोंडावर धरून रडला.

येत्या रविवारी सभासदांची सभा आहे. फळ्याला ठेवायचं की काढायचं, यावर हात वर करून मतदान होईल. तुमचं एक पत्र हवं आहे. मी ते सभेत वाचून दाखवीन. फार नको. दादा असता तर त्याने हे सहन केलं नसतं, एवढंच लिहा. क्लबच्या कपाटात चषकांच्या मधोमध दादाची ती चेंडूंची जुनी बॅग ठेवली आहे. आजही लोक तिला हात लावून मैदानावर जातात. त्याच्या नावाने तुमचं एक वाक्य आलं की काम झालं.

आणखी एक, तुमच्या भल्याचं. फळा गेला की संघ, गोलकीपरांना शिकवणारे आपले जुने गोलकीपर-मास्तर आहेत ना, त्यांच्याकडे जाईल. त्यांचं स्वतःचं घर आहे. म्हणजे तुमच्या घराला कुणी हात लावणार नाही, उन्हाळा येवो की काही येवो. फळा राहिला तर मात्र क्लबला ते घर त्याला द्यावंच लागेल. विचार करा.

माया पातळ करू नका.

आपला
भाऊजी


ता. १३ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,
अ. उ. आ. यावेळी मोजकेच.

तुमचं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. 'दादा असता तर' हे तीन शब्द या गावात आता रस्त्यावर पडल्यासारखे झाले आहेत. जो येतो तो उचलतो. न्हावी केस कापताना उचलतो, भाजीवाली वजन करताना उचलते, आता तुम्ही. हे जिवंत असताना यांचं कुणी ऐकत नव्हतं, आणि आता यांच्या तोंडी हवं ते घालता. माणूस उलट बोलायला येत नाही, हीच तुमची सोय.

तुम्ही तेव्हा नोकरीसाठी परगावी होतात, म्हणून सांगते. ज्या बॅगेला तुमची माणसं हात लावून आत जातात, ती यांनी विकत घेतलेली नव्हती. यांच्या पहिल्या वर्षी संघ असाच हरत होता आणि एका सकाळी ती याच पायरीवर येऊन पडली होती. मी परत करा म्हणाले. हे म्हणाले, बॅग चांगली आहे, चेंडूंना होईल. दुसऱ्या दिवशी तीच खांद्याला लावून मैदानावर गेले. वर्षानुवर्षं तुमच्याच शिवीत चेंडू भरून नेले यांनी, आणि तुम्ही तिला चषकांत बसवलीत!

पण यांनी ते हसून नेलं असं समजू नका. त्या हिवाळ्यात हे जेवायला बसले की घास हातात तसाच राहायचा. बाहेर कुणाची पावलं वाजली की यांचे खांदे वर यायचे. ते खांदे मी पाहिले आहेत. न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीतला माणूस आज तसाच बसत असेल, आणि त्याची बायको तर इथे नाहीही.

राहता राहिलं घर. भाऊजी, या घराच्या प्रत्येक खिळ्यावर यांचा हातोडा पडला आहे. मला ते सोडायचं नाही. या भिंतींतून बाहेर पडले की हे आणखी एकदा जातील, असं वाटतं. पण एका माणसाची भाकरी काढून घेऊन मी माझं छप्पर राखावं, हे तुम्ही 'भल्याचं' म्हणून लिहिलंत? तुमचा हात तरी थबकायचा.

पत्र हवं होतं ना? हे घ्या. वाचायचं तर सगळं वाचा, छपराच्या ओळींसकट. एक ओळ गाळलीत तर सभेत येऊन मी स्वतः वाचीन, आणि माझा आवाज तुम्हाला माहीत आहे.

माया पातळ होणार नाही, पण उकळते आहे.

तुमची
वहिनी


ता. १८ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

वाचलं. सगळं. घराबद्दलचा मजकूर वाचताना लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाचा खिसा कापला आहे. स्वतःची अब्रू स्वतःच्या तोंडाने काढायची पाळी तुम्ही माझ्यावर आणलीत. मीही रागावलो आहे, हे स्वच्छ लिहितो.

बॅगेचं ऐकल्यावर न्हाव्याने आरडाओरडा केला, की भाडं वेळेवर देणारा माणूस आहे, मी आधीपासून सांगत होतो. साफ खोटं. काढा काढा म्हणणाऱ्यांत तोच पुढे होता. बसड्रायव्हर उठून बाहेर गेला, तो परत आलाच नाही. गोलकीपर-मास्तर म्हणाले, मला हा संघ हवा आहे, पण असा नको. मग हात वर झाले. फळा हंगाम संपेपर्यंत राहिला. थोडक्या मतांनी राहिला, पण राहिला.

माझा हात त्याच्या विरोधातच होता. भावना वेगळी आणि बचाव वेगळा. तो माणूस आपल्याला बुडवणार आहे, वहिनी, आणि तुमचं घर हातचं गेलं ते वेगळंच. मी तुमच्यासाठी काय करायला गेलो आणि तुम्ही काय केलंत! दोन दिवस जेवण गोड लागलेलं नाही.

राग असला तरी पाय धरतो. लोभ तुटू देऊ नये.

आपला
भाऊजी


ता. २४ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,
अ. उ. आ. पुरेपूर.

तुम्ही सगळं वाचलंत. यांच्या पाठच्या भावाकडून मला तेवढंच हवं होतं.

शनिवारी मी मॅच बघायला गेले. हे गेल्यापासून पहिल्यांदा. स्वयंपाकघरातून नुसता आवाज ऐकून ज्याला वाचवलं, तो काय करतो ते डोळ्यांनी बघायला नको? बघितलं. तुम्ही लिहिलंत त्याहून वाईट आहे. बचावाची फळी मध्यरेषेवर, मागे ओसाड माळ. दुसरा गोल झाल्यावर माझं भान सुटलं. कठड्याला धरून उभी राहिले आणि त्याच्या नावाने जे ओरडले, ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या बाईने मला गोळी चघळायला दिली. घसा अजून बसलेला आहे. हरलोच.

ओरडता ओरडता रडू आलं. पुसलं नाही. तिथे सगळ्यांचेच चेहरे तसे होते, कुणाला वेगळं दिसलं नाही. वर्षभरात इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तो दारात आला. म्हणाला, तुमच्यामुळे राहिलो. मी म्हटलं, आभार नकोत, बॅक मागे घ्या. त्याचं म्हणणं, अजून थोडं थांबा, जमेल. मी म्हटलं, थांबते, पण शनिवारी ओरडायला येणार. घाबरला बिचारा, पण हो म्हणाला. घराचं त्याने काढलं नाही, मीच काढलं. शाळा संपली की किल्ली देईन. स्टँडच्या पलीकडच्या गल्लीत शिवणकामवाल्या बाईंची मागची खोली पाहून आले. लहान आहे. आवाज मात्र तिथेही येतो.

यांचं कपाट मला एकटीला हलणार नाही, आणि परक्या हमालाने त्याला हात लावलेला मला चालणार नाही. उन्हाळ्यात तुम्ही या. त्या बसड्रायव्हरलाही आणा, वजन उचलल्याशिवाय त्याची माफी मला पोचायची नाही. त्या नव्या मॅनेजरविरुद्ध हात वर केलात त्याचं भांडण आपण कपाट उचलता उचलता करू.

जेवा नीट. लोभ आहे, आणि रागही आहे. दोन्ही तुमचेच.

तुमची
वहिनी