माझ्या दहाव्याबद्दल थोडी तक्रार

॥ श्री कानिफनाथ प्रसन्न ॥

खर्ड्याजवळची आपली वाडी,
फाल्गुन वद्य चतुर्थी, १९९७

तीर्थरूप बिभीषण दाजींच्या पायांवर त्यांचा एकुलता एक मेहुणा कानिफनाथ डोकं ठेवतो.

तुमची तब्येत, मनकर्णाताईचा गुडघा आणि नवी म्हैस ही तिन्ही ठीक असावीत. शेवगावकडं पाण्याचं कसं काय? इकडं हापशातून दोन हंड्यांनंतर नुसती हवा येते. एवढी विचारपूस मी आधीच उरकून घेतोय, कारण पुढचं वाचल्यावर तुम्हाला म्हशीचं काही सुचणार नाही. दाजी, अक्षर ओळखलंत ना? माझंच आहे. मी मेलेलो नाही. (ताईला एकदम सांगू नका. आधी गूळ-पाणी द्या, खाली बसवा, मग सांगा.)

तुम्ही माझा दहावा घातलात, तेराव्याला बुंदी पाडलीत, माझ्यासाठी तुमची वीस वर्षांची मिशी उतरवलीत, हे सगळं मला इथं आल्यावर समजलं. उपकार आहेत. पण दाजी, मी जिवंतपणी गणपतीत सत्काराला उभा राहिलो तेव्हा मंडळानं हार-नारळावर भागवलं होतं, आणि मेल्यावर बुंदी, हा न्याय मला पटलेला नाही. दुसरी तक्रार कावळ्याची. शेजारची राहीबाई लांब उभी राहून कुणाला तरी सांगत होती की पान खाली ठेवायच्या आत कावळा शिवला. म्हणजे माझी एकही इच्छा मागं राहिली नव्हती, असं त्या कावळ्याचं मत. अहो, चोवीस वर्षांचा गायक मी, माझ्या इच्छांची नुसती यादी करायला वही पुरली नसती. दुपारपर्यंत तरी वाट बघायला लावायची होती.

आता हे घडलं कसं ते सांगतो. माझ्यामागं लोकांनी माझ्या चरित्रात बरीच भर घातलेली दिसते (जामखेडला एकानं मलाच सांगितलं की कानिफनाथ पाळण्यात सुरात रडायचा), म्हणून खरं काय ते तुमच्याजवळ असू द्या. मी गायला लागलो तो ऊसतोडीला पाचटाच्या कोपीत, सात वर्षांचा असताना, आणि पहिल्याच गाण्याला आईनं उसाच्या टिपऱ्यानं झोडपलं. ती का मारते हे तिनं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी गात राहिलो, ती मारत राहिली, आणि दहावीनंतर मी घरातून पळून नगरला ऑर्केस्ट्रात शिरलो. गेल्या उन्हाळ्यात केडगावच्या शेठनी माझी कॅसेट काढली, ‘रिव्हर्स हॉर्न’. स्टुडिओ म्हणजे पिठाच्या गिरणीवरची खोली, भिंतींना गाद्या लावलेल्या. गिरणी सुरू झाली की शेठ हात वर करायचे आणि आम्ही सगळे गप्प. खाली कुणाची किती बाजरी आहे त्यावर माझी कडवी ठरायची. तिसऱ्या गाण्यात मागं पट्ट्याचा फटफट आवाज आहे, लोक त्याला ड्रम समजतात.

कॅसेट काही चालली नाही. सलूनवाल्यांना फुकट वाटल्या, त्यांनी त्यावर दुसरी गाणी भरून घेतली. मग मी चिडून गणपतीनंतर एका ऑर्केस्ट्रा पार्टीबरोबर सुरतेला गेलो आणि मनाशी ठरवलं की आता नाव होईल तेव्हाच घरी पत्र टाकायचं. (नाव झालं ते असं.) दिवाळीच्या सुमाराला शेठना कव्हरवर गायकाचा फोटो टाकायची हुक्की आली. त्यांच्याकडं माझा एकच फोटो, तो गणपतीतल्या सत्काराचा. तुम्ही पाहिलाय तो. गळ्यात माझ्यापेक्षा जाड झेंडूचा हार, कपाळभर कुंकू, आणि फ्लॅश पडला म्हणून डोळे मिटलेले. छापणाऱ्यानं तेवढाच तुकडा कापून सोनेरी चौकटीत बसवला. आता तुम्हीच सांगा, चौकटीतल्या हारवाल्या, डोळे मिटलेल्या माणसाला आपल्याकडं काय म्हणतात? पंधरा दिवसांत कॅसेट संपल्या. पुढच्या खेपेला शेठनी फोटोखाली समई छापली. ते म्हणतात, मी एका अक्षरानं खोटं बोललेलो नाही, नुसती समई छापली.

आई तेव्हा कारखान्याच्या तळावर होती. उसाच्या ट्रॅक्टरवर कर्ण्यातून माझा आवाज आला म्हणून ती कोयता टाकून रस्त्यापर्यंत पळाली. ड्रायव्हरनं कॅसेटचं कव्हर दाखवलं आणि म्हणाला, मावशी, गेला बिचारा, काय गळा होता. तिथून ती सरळ वाडीवर आली, तुम्हाला निरोप गेला, आणि पुढचं सगळं तुम्ही निस्तरलंत.

आता मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. दहावा मार्गशीर्षातल्या एकादशीला, भर दुपारी होता ना? त्या दिवशी मी सुरतेच्या दवाखान्यात विषमज्वरानं पडलो होतो. तीन दिवस तोंडात काही घालायची बंदी, सलाइनवर. दुपारी नर्सबाई मला ओरडायला लागल्या की चोरून काय खाल्लंत. माझ्या ओठाला भाताची शितं आणि काळे तीळ चिकटले होते. जिभेवर आंबट चव होती. दाजी, तुम्ही पिंडाला दही लावलं होतं का? लावलं नसेल तर फार बरं होईल.

दुखणं दोनदा उलटलं, परवाच्या आठवड्यात कुठं दवाखान्यातून सुटलो, नगरला माळीवाड्याला उतरलो. कॅसेटच्या टपरीवर माझं गाणं चालू, फोटोपुढं उदबत्ती. मी टपरीवाल्याला म्हणालो, बाबा रे, हा मीच. त्यानं मान वर न करता सांगितलं, “ह्या हप्त्यात तुम्ही तिसरे.” मग केडगावला शेठकडं गेलो. त्यांनी आधी माझ्या पाया पडून घेतलं, मग दार लावलं, मग चहा मागवला. त्यांचं म्हणणं, जिवंत गायक गल्लोगल्ली आहेत, तू आणखी चार महिने घरात गप्प बैस, पाडव्यानंतरच्या सोमवारी गाडी पाठवतो, पुण्याला नेऊन दुसरी कॅसेट भरून घेऊ, शेवटची अप्रकाशित गाणी म्हणून. मी हो म्हणालो. दाजी, खोटं कशाला सांगू, तो फोटो, ती समई, रडत कॅसेट घेणाऱ्या बायका, हे बघून मला बरं वाटलं होतं.

वाडीवर पोचलो तेव्हा बरोबर दुपारचे बारा. अंगात ऑर्केस्ट्राचा पांढरा झब्बा (दुसरा कपडाच धड नव्हता), दुखण्यानं गाल बसलेले, आणि एस.टी.त खिडकीशी बसून पडसं झालेलं. हापशावर राहीबाई होती. मी म्हणालो, काकू, मी जिवंत आहे, आणि नाक चोंदल्यामुळं ते सगळं नाकातूनच निघालं. नाकात कोण बोलतं हे लहान पोरालाही ठाऊक असतं. हंडा तिथंच पडला, राहीबाई दिसेनाशी झाली. मी म्हटलं, मारुतीच्या देवळात उभा राहतो, भूत काही तिथं शिरत नाही. तासाभरात गावात बातमी, की कानिफचं भूत एवढं जबर आहे की मारुतीलाही जुमानत नाही. ग्रामसेवकानं खिडकीतून बोलणं केलं. म्हणे तुमचं नाव कमी झालंय, रेशनकार्डातून रॉकेलही कमी झालंय, ज्यानं मयताचा अर्ज दिला त्यानंच येऊन सांगावं. तो अर्ज तुमच्या सहीचा आहे, दाजी.

पण आईचं ऐका. त्या दुपारी मी अंगणात शिरलो तर ती दगडी कट्ट्यावर ताट ठेवत होती. पिठलं, भाकरी, कांदा, मेथीची भाजी. मला बघून ना दचकली, ना रडली. पाठ फिरवली आणि म्हणाली, “आलास? खा. गार हुईल.” मला वाटलं, झालं, आईनं ओळखलं. मी जेवलो आणि आत जायला निघालो तर तिनं उंबऱ्यावर केरसुणी आडवी टाकली. “घरात यिऊ नगं, बाबा. मेलेल्यानं उंबरा वलांडायचा नस्तोय.” मी शपथा घातल्या, सावली दाखवली, पाय सरळ असल्याचे दाखवले. तिनं मागं वळून पाहिलंच नाही. मेलेल्याला वाढताना मागं बघत नाहीत म्हणे.

तेव्हापासून आठ दिवस हाच क्रम. मी देवळाच्या ओट्यावर झोपतो, बाराला येतो, ती पाठमोरी बसते आणि बोलते. दाजी, जन्मात कधी बोलली नाही एवढं बोलते. तिलाही गळा होता, हे ताईला तरी माहीत आहे का? मोळ्या बांधताना ती गायची तेव्हा सगळा फड कोयते थांबवून ऐकायचा. मुकादमही ऐकायचा. म्हणून आमच्या बापानं एक दिवस तिचं तोंड बंद केलं ते कायमचं. “तुजा गळा माजाच हाय,” काल म्हणाली. “म्हून मारायची तुला. असल्या गळ्यानं मानूस घराभायेर जातं.” हे ती जिवंत माणसाला कधीच सांगणार नाही. आणि मला दुपारची ती अर्धी घटका सोडवतही नाही. तरी देवळाच्या ओट्यावर रात्री थंडी वाजते तेव्हा वाटतं, आपल्याच आईला आपण मेलेले चालतो आणि जिवंत चालत नाही, हे काही खरं नाही. एकदा तिनं वळून माझ्याकडं बघावं, एवढंच मला पाहिजे.

तरी हे पत्र मिळताच मिळेल त्या एस.टी.नं निघा. ग्रामसेवकाकडून हयातीचा दाखला काढू आणि तो तुम्ही आईला वाचून दाखवा. तुमचा शब्द ती मोडत नाही. ताईस नमस्कार, पोरांना गोड पापा.

आपला आज्ञाधारक आणि हयात,
कानिफनाथ

ता. क. — पाकीट मिळेना म्हणून पत्र दोन दिवस पडून राहिलं. आता दाखल्याची गरज नाही. काल आई पाठमोरीच गायला लागली. काय गळा हो, दाजी, मी आजवर गातो म्हणायचो त्याची मला लाज वाटली. पण मधेच मला खोकल्याची उबळ आली, आणि ती वळली. चांगलं तोंडाकडं बघून म्हणाली, “किती खोकशील? चल आत, सुंठ उगाळून देते.” मी विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, “पैल्याच दिशी. तू मेथी टाकलीस.” मग आठ दिवस बाहेर का ठेवलंस, तर म्हणे, “आत घेतला असता तर बसला असतास व्हय ऐकत? आल्या आल्या गाडीची येळ सांगितली असतीस.” रात्री घरात झोपलो.

ता. क. दुसरा — आज दुपारी आईनं दोन ताटं वाढली. एक माझ्यापुढं चुलीजवळ, एक बाहेर कट्ट्यावर. मी विचारलं, हे कुणाला? ती म्हणाली, “संक्रातीपासनं येतूय की त्यो. त्यो खोकत न्हाई, भाजी टाकत न्हाई. बोलतूय कमी, पर रोज येतूय.” मी हसलो. मग बाहेर माझा आवाज गायला लागला. टेप नव्हता, दाजी, वाडीत आज वीजच नाही. गाणं पुण्याला भरायचं म्हणून मी मनात जुळवतोय ते होतं. मला त्याची पहिलीच ओळ सुचली आहे. बाहेर तिन्ही कडवी म्हणून झाली, चांगली होती. मी उठलो तर आईनं हात धरून खाली बसवलं. “भायेर जाऊ नगं. लाजंल त्यो.” नंतर ताट आणलं, पुसून खाल्ल्यासारखं स्वच्छ.

मी तिला चाचरत सांगितलं की पाडव्यानंतरच्या सोमवारी शेठची गाडी येणार आहे, मला पुण्याला महिनाभर तरी लागेल. मला वाटलं रडेल, किंवा टिपरू उचलेल. ती भांडी घासत राहिली आणि म्हणाली, “जा की. मला सोबतीला त्यो हाय.” रागानं नाही म्हणाली, साधंच म्हणाली.

ता. क. तिसरा आणि खरं काम — वाडीवर यायचं राहू द्या. तुम्ही पत्र मिळताच केडगावला जा, शेठना गाठा आणि सांगा की कानिफनाथ खरोखरच वारला, माती तुम्ही स्वतः दिली. काहीही करा, पण सोमवारी ती गाडी इकडं येता कामा नये. आली तर मी बसेन, दाजी. मला माझा स्वभाव माहीत आहे.