समुद्रातून पास झालेला साकव

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
साकव व पायवाट कक्ष,
मूळ कार्यालय : जव्हार. हल्ली मुक्काम : समुद्र (जहाजाचे नाव शिपायाला सांगता आले नाही)

अर्जदार : गौराबाई जान्या भोये, वाघमाळ पाडा, वांगणीजवळ, ता. जव्हार
लेखनिक : भाची हर्षदा, बारावी पास

विषय : न पाहिलेला साकव मजबूत ठरवल्याबद्दल आभार मानून, तो एकदा पाहून जाण्याबाबत.
संदर्भ : आपला जहाजावरून आलेला व्हिडिओ कॉल व त्यामागून आलेले ‘साकव सुस्थितीत’ हे पत्र.

महोदय,

१. अर्जदार गौराबाई पाड्यावर भात-नागली करून राहते. पाडा आणि दवाखाना यांच्यामध्ये ओहळ आहे व ओहळावर साकव आहे. पडला म्हणावे तर अजून उभा आहे, आणि उभा म्हणावे तर त्यावरून बकरीसुद्धा जात नाही. मधली फरशी गेल्या पावसात वाहून गेली, तिथे बांबू टाकले आहेत. अर्जदाराची सून मालू हिचे दिवस श्रावणात भरतात, आणि श्रावणात ओहळ कुणाच्या बापाचे ऐकत नाही. म्हणून दुरुस्ती मागितली. साहेबांच्या पाहणीशिवाय दुरुस्ती नाही, असे उत्तर मिळाले. इथवर सगळे रीतसर झाले.

२. साहेब येणार म्हणून अर्जदाराने कोंबडा राखून ठेवला. साहेब समुद्रावर निघून गेले. कार्यालयाच्या दारावर कागद लागला, की साहेब सहलीच्या जहाजावर असले तरी उपग्रहाच्या इंटरनेटवर हजर आहेत, कामकाज सुरळीत आहे. हे ऐकून अर्जदाराचा ऊर भरून आला. भर समुद्रात, जिथे माशाशिवाय कुणाची वस्ती नाही, तिथे रेंज पोचली. वांगणीकडे माणसे राहतात, ही आमचीच चूक म्हणायची.

३. पाड्याला रेंज एकाच जागी येते, वरच्या माळावर, आमच्या वाघोबा देवाच्या दगडी चौथऱ्यापाशी. साकव खाली ओहळावर, तिथे फोनचा उपयोग तोंड बघण्यापुरता. पाहणीचा कॉल येणार म्हणून अर्जदार, मुलगा हेमराज आणि पाड्यातली मंडळी चपला काढून वाघोबासमोर उभी राहिली. साहेब दिसले. त्यांच्यामागे निळी भिंत होती, ती हलत होती. हेमराज मासेमारीच्या बोटीवर खलाशी होता, तो हळूच म्हणाला की ती भिंत नाही, पाणी आहे. एक टोपीवाला येऊन साहेबांपुढे द्राक्षे ठेवून गेला. साहेबांनी एक द्राक्ष तोंडात टाकले, वाघोबाचा चौथरा नीट निरखला आणि निकाल दिला : दगडी काम पक्के आहे, कुठे तडा नाही, साकव मजबूत, पास.

४. आता साहेब म्हणतील, तेव्हाच का नाही बोललात? वाघोबासमोर माणूस बोलत असला, तर त्याचे पुरे होईपर्यंत मध्ये तोंड घालायचे नाही, ही आमची रीत आहे. तिथे कुणी खोटे बोलत नाही, मग अडवायचे कशाला, असे जुन्या माणसांनी ठरवले. त्यांनी साहेब पाहिले नव्हते. साहेबांचे बोलणे संपले, आम्ही तोंड उघडले, तोवर साहेब हातातल्या द्राक्षासकट गोठले आणि रेंज गेली. चूक आमची आहे. थोडी वाघोबाचीही आहे, त्याने इतके पक्के बसायला नको होते.

५. मग पत्र आले आणि साकवाचे नाव दुरुस्तीतून उडाले. अर्जदार जव्हारला गेली. शिपाई म्हणाला, साहेबांना कॉल करा. कॉलसाठी परत माळ चढली. साहेब म्हणाले, जहाज वळतंय, आवाज येत नाही. (यावर अर्जदाराने वापरलेला शब्द लेखनिकाने गाळला आहे.)

६. तरी अर्जदाराची विनंती, की रेंज जहाजालाच देण्याचा नियम असेल तर आमच्या पाड्याला जहाज समजावे. आषाढात तिन्ही बाजूंनी पाणी असतेच, आणि घरे गळतात तीही बोटीसारखीच. तेही बसत नसेल तर साकव उचलून माळावर वाघोबापाशी न्यावा, म्हणजे आपला कागद तरी खरा होईल. ओहळाला मात्र तिकडे बोलावता येणार नाही, त्याला कॉल लागत नाही. कोंबडा अजून राखलेला आहे, तो म्हातारा होत चालला आहे.

७. थट्टा पुरे झाली. अर्जदाराला भीती वाटते, साहेब. मालू पहिलटकरीण आहे. रात्री ती ओहळाचा आवाज ऐकत पडून राहते. साकव मजबूत आहे, हा शब्द आपण वाघोबासमोर दिला आहे, आणि तिथला शब्द आम्ही खोटा धरत नाही. धरून करणार काय, दुसरी वाटच नाही. कळा सुरू झाल्या की मालूची डोली त्याच साकवावरून जाईल. डोलीला दोन खांदे लागतात. मागचा हेमराज देईल. पुढचा खांदा आपला धरला आहे, तरी श्रावणाआधी हजर व्हावे.

सोबत : वाघोबाच्या चौथऱ्याचा फोटो (आपण पास केलेला), साकवाचा फोटो (आपण न पाहिलेला).

दिनांक : १८ जून २०२५

ओहळाच्या अलीकडून,
आपली वाट पाहणारी
गौराबाई जान्या भोये
(डाव्या हाताचा अंगठा)