सहानुभूतीपूर्वक नोंद

सोमवार, ४ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. मोठे प्रशासक लिहायचे म्हणे. आपण 'महागाई व अनुदान तक्रार कक्ष', टेबल क्रमांक तीन. लोक चिडून सरकारला पत्र लिहितात, ते पत्र माझ्याकडे येतं, मी उत्तर पाठवतो, लोक शांत होतात. निदान परत लिहीत नाहीत.

आजची पत्रं ६३. एका न्हाव्याचं : ब्लेड महागलं, दर वाढवला तर गिऱ्हाईक दाढीच ठेवायला लागतं, मी काय करू? एका निवृत्त मास्तरांचं : बिस्किटाच्या पुड्यात पूर्वी बारा असायची, आता दहा. सोबत पुरावा म्हणून रिकामा पुडा. पुड्यात मुंग्या. आता फाईलभर मुंग्या. लोकांना शिस्तच नाही.

संकल्प : सप्टेंबरअखेर टेबल साफ.

मंगळवार, ५ ऑगस्ट, सकाळी
चहा फिका. हिला विचारलं, साखर संपली का? म्हणाली, संपली नाही, महागली. मग तिचं ते नेहमीचं सुरू. स्वयंपाकाच्या गॅसचं अनुदान पाच महिने जमा नाही. कार्डावर तिच्या नावात एक काना जास्त पडलाय. तुमच्याच ऑफिसात दुरुस्त होतं, जरा बघाल का?

शांतपणे समजावलं. पदाचा घरगुती वापर मला जमणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय दुरुस्तीची खिडकी तळमजल्यावर, मी दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. म्हणाली, मग मी करू काय? म्हटलं, सगळे करतात तेच. लेखी दे.

आई मध्येच म्हणाली, अरे पण तिथे तूच बसतोस ना? आईला कार्यालयीन पद्धत कळत नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
महत्त्वाचा दिवस. उत्तरांचे बारा नमुने तयार केले. नमुना ३ : 'दरवाढ तात्पुरती असून.' नमुना ७ : 'जागतिक परिस्थिती पाहता.' नमुना ११ सगळ्यांवर चालतो : 'आपल्या तक्रारीची सहानुभूतीपूर्वक नोंद घेण्यात आली आहे.' वाचताना मलाच भरून आलं.

शेजारच्या टेबलावर टाचणी बसते. बाई बारीक, बोलणं टोकदार, आणि एकदा कागद धरला की सोडत नाही, म्हणून हे नाव. एकेका पत्रापायी तासतासभर फोनवर. दिवसाला जेमतेम नऊ निकाली काढते. माझी आज ५८. तिला म्हटलं, बाई, नमुने घ्या माझे. म्हणाली, नको, मला पत्रं वाचायची सवय आहे. मागासलेली पद्धत. कीव आली.

गुरुवार, १४ ऑगस्ट
दुपारच्या जेवणाआधी ४१ पत्रं. सगळ्यांना नमुना ११. वाचलं एकही नाही, गरज पडत नाही. पाकिटाच्या जाडीवरून तक्रार ओळखता येते.

घरी आठवडाभर तळण नाही, भाजीला तेलाचा नुसता वास. हिला आरोग्याचं महत्त्व पटलेलं दिसतं. उशिरा का होईना. कौतुक केलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. कौतुकाची सवय नसते बायकांना.

गुरुवार, २१ ऑगस्ट
विचित्र प्रकार. जेवताना हिने पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. 'महोदया, आपल्या तक्रारीची सहानुभूतीपूर्वक नोंद घेण्यात आली आहे.' भाषा कानाला फार गोड लागली. सहज विचारलं, काय, मजकूर कसा वाटला? म्हणाली, मजकुराचं माहीत नाही, सही ओळखीची वाटली.

घास घशात अडकला. आईने पाणी दिलं. आई हसत होती की काय, पदर तोंडाला असल्यामुळे निश्चित सांगता येत नाही.

हिला म्हटलं, अगं, तू पत्र टाकलंस हे मला सांगायचं तरी! म्हणाली, पत्रातच सांगितलं होतं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट
रात्रभर विचार करून ठरवलं. हिची केस आपण स्वतः हाताळायची, अर्थात नियमाने. सोमवारी तळमजल्यावर जाऊन दुरुस्तीचा फॉर्म आणतो. फक्त एक फॉर्म. किती अवघड असणार?

सोमवार, २५ ऑगस्ट
खिडकीपुढे पन्नास माणसं. मी आतला माणूस असल्याचं हळूच सुचवलं. एक रिक्षावाला म्हणाला, आतले आहात तर आतून या. आतून गेलो. आतून दार बंद. परत आलो तर रांग सत्तरवर.

उद्या.

मंगळवार, २६ ऑगस्ट
गुडघा दुखतोय. दोन जिने म्हणजे थट्टा नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट
फॉर्म मिळाला! सोबत जोडायचं : पतीच्या कार्यालयाचं प्रमाणपत्र. म्हणजे आमच्या साहेबांची सही. म्हणजे साहेबांना कळणार की तक्रार कक्षातल्याच माणसाच्या घरी तक्रार आहे. फॉर्म खणात ठेवला. योग्य वेळ पाहून काढू.

घरी हिला सांगितलं, काम मार्गी लागलं. तिने विचारलं, कुठपर्यंत? म्हटलं, खणापर्यंत. खोटं मी बोलत नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर
हिने अपील केलं!! नवऱ्याशी साधं बोलायचं सोडून थेट वरिष्ठांकडे अपील. सकाळी डबा भरताना म्हणाली, काल टाकलं. त्याच आवाजात, ज्या आवाजात डब्यात लोणचं नाही सांगते.

मागे घे म्हटलं. नाही म्हणाली. हात जोडले. म्हणाली, हात जोडायला वेळ आहे, फॉर्म भरायला नाही. सहा महिने घरात घसा कोरडा केला, आता तुमच्या साहेबांपुढे करते.

मंगळवार, १६ सप्टेंबर
अपिलांची सुनावणी आज मोठ्या दालनात. साहेब मध्ये, डावीकडे टाचणी, उजवीकडे मी नोंदवही घेऊन. ही येणार नाही अशी खात्री होती. तिला ऑफिसात यायचा संकोच वाटतो, असं मी धरून चाललो होतो.

टोकन १९ ला आली. घरच्याच साडीत, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद तारखेनुसार लावलेले. माझ्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मी नोंदवहीत तोंड घातलं.

साहेबांना ती कोण ते ठाऊक नव्हतं. त्यांनी फार गोडीने विचारलं, बाई, घरात सांगितलंत का कुणाला? म्हणाली, नवऱ्याला सांगितलं, रोज सांगते. साहेब म्हणाले, मग ते काय म्हणतात? म्हणाली, म्हणतात लेखी दे.

दालन हसलं. रांगेतला तो रिक्षावालाही होता, तो सगळ्यांत मोठ्याने. साहेब हसत माझ्याकडे वळून म्हणाले, काय नमुने असतात बघा एकेक! मीही हसलो. हसण्याखेरीज काय करणार होतो?

मग साहेबांनी विचारलं, एवढे महिने भागवलंत कसं? ती म्हणाली, सकाळी चार मुलींच्या शिकवण्या घेते. तेलाची बाटली पूर्वी पंधरा दिवस जायची, आता महिना काढते. सासूबाईंनी साखर सोडली, डॉक्टरांनी सांगितलंय असं मुलाला सांगतात. डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही.

ते मला माहीत नव्हतं. चार मुली सकाळी येतात ते माहीत होतं. मला वाटायचं, हिला मुलींची हौस आहे.

साहेबांनी पत्ता वाचला. थांबले. परत वाचला. माझ्याकडे बघितलं. मला म्हणाले, पेन बंद करा. टाचणी उठली, कागद घेऊन खाली गेली आणि चार मिनिटांत परत आली. काना काढला होता. प्रमाणपत्रावर साहेबांनी तिथेच सही केली.

हिने समाधान-पत्रावर सही केली, टाचणीचे आभार मानले आणि टोकन २० साठी खुर्ची मोकळी करून निघून गेली.

बुधवार, १७ सप्टेंबर
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, सहानुभूती ठीक आहे हो, पण जरा पत्र उघडत चला.

नमुन्यांची फाईल टाचणीने कपाटावर ठेवून दिली. मी बघितलं.

गुरुवार, २५ सप्टेंबर
अनुदान जमा. मागचं सगळं एकदम. घरी आनंदाने जाहीर केलं, जणू मीच आणलं. आईने बऱ्याच महिन्यांनी दोन चमचे साखर घातली आणि चहा अर्धाच प्यायली, म्हणे आता फार गोड लागतो.

हिला म्हटलं, आता शिकवण्या बंद कर, दगदग नको. ती पिठाचा डबा हलवून बघत होती. ऐकलं नसावं.

मंगळवार, ३० सप्टेंबर
परिपत्रक आलं. पुढच्या महिन्यापासून स्वयंपाकाच्या गॅसचं अनुदान सगळ्यांचंच बंद. काना असो वा नसो.

उत्तराचा मसुदा लिहायला बसलो. 'जागतिक परिस्थिती' लिहिलं, खोडलं. टाचणी म्हणाली, आधी पत्रं तरी येऊ देत.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
पत्रं दोन पोती. उघडून वाचायला बसलो. दिवसभरात सहा झाली. एका बाईंनी तर तक्रार केलीच नव्हती, फक्त काय काय घेणं सोडलं त्याची यादी दिली होती. त्यांना काय उत्तर द्यायचं असतं?

रविवार, १२ ऑक्टोबर
ही बाजारात, आई झोपलेली. बेल वाजली. शिकवणीतल्या एका मुलीची आई. चांगलीच तापली होती. म्हणाली, बाईंनी या महिन्यापासून फी वाढवली, परवडायची कशी? सगळंच वाढतंय, आमचा पगार कुठे वाढतोय? तुम्हीच सांगा.

खुर्ची दिली. अर्धा तास ऐकलं. मध्ये बोललो नाही, सबबी सांगितल्या नाहीत. चहासुद्धा केला. स्वतःवर बेहद्द खूश झालो. वाटलं, हे जमतंय की आपल्याला. शेवटी म्हटलं, तुमचं म्हणणं बाईंच्या कानावर नक्की घालतो.

ती जरा शांत झाली. कप खाली ठेवला आणि विचारलं, तुम्ही बाईंचे कोण?

म्हटलं, नवरा.

ती म्हणाली, हो का? आम्हाला वाटायचं, त्या आणि सासूबाई दोघीच राहतात.