आबांचा आवाज, तुझं नाव

प्रसेनदादा,

आबांना घेऊन मी इचलकरंजीला आत्याकडं निघालेय. भात कुकरमध्ये आहे, आमटी तेवढी गरम करून घे.

आबांच्या कॅसेटी तू 'आवाज साफ करून आणतो' म्हणून नेल्या होत्यास. त्यांत आबांनी गायलेली भीमगीतं आता ऑनलाइन विकत मिळतात, हे मला शेजारच्या मोनाकडून कळलं. साध्या एमपीथ्रीत ढोलकी दबते, म्हणून मी सगळ्यात चांगल्या दर्जाची फाइल घेतली. आबांच्या स्पीकरसाठी पेनड्राइव्हवर टाकायला गेले, तर कॉपीच होईना. तिला कुलूप आहे, फक्त माझ्याच मोबाइलवर वाजते. शेवटी मोबाइलच त्यांच्या कानाशी धरला.

अर्धांगवायूनं गाणं गेल्यापासून त्यांना एवढं खुललेलं मी बघितलं नव्हतं. "माझाच आवाज हाय की गं!" म्हणाले. मग म्हणाले, "नाव कसं घातलंय, वाच की."

मी बघितलं. गायक म्हणून तुझं नाव होतं. आबांचं नाव कुठंच नव्हतं.

"तुमचंच हाय, आबा," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोलले, तेही तुझ्यापायी.

त्यावर ते काय म्हणाले ठाऊक आहे? "प्रसेननं केलं आसंल. पोरगं गुणाचं हाय माझं."

तू घरी आलास की ते तुझ्या पाठीवरून हात फिरवणार, आणि तू तो फिरवू देणार. ते मला बघवणार नाही. आधी नाव बदलून घे, मगच त्यांच्यासमोर ये.

रूपाली